वेताळाचं जंगल आधी कुठे होतं?

परवा घरच्या ग्रुपवर दादाने भलामोठा मेसेज टाकला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच्या इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यावरच मी भराभर वाचायला शिकले. म्हणणं असं की ह्या अमेरिकन कंपन्यांनी सगळ्या हिरोंची वाट लावली, स्पायडरमॅन बदलला, कॅप्टन अमेरिका बदलला, सुपरमॅनचं ब्रीदवाक्यसुद्धा बदललं, नवीन माणूस हवा असेल तर नवीन हिरो काढा की, आमच्या जुन्याला कशाला हात लावता. त्याखाली पटापट अंगठे. इथे ओहायोत तेव्हा रात्र होती, सकाळी उठून बघितलं तर सगळ्यांचं एकमत होऊन गेलं होतं. माझं अजिबात झालेलं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी आपल्या वेताळाचंच घे दादा, इंद्रजालमधला तो जंगलातला मुखवटेवाला हिरो, मूळ इंग्रजीत फँटम. अमेरिकन लेखक ली फॉकने तो 1936 मध्ये काढला तेव्हा त्याचं जंगल आशियाच्या बाजूला होतं, त्याच्या घराण्याचे दुष्मन म्हणजे सिंग चाचे, देशाचं नाव बंगालच्या जवळ जाणारं. पुढे फॉकनेच ते सगळं उचलून आफ्रिकेत नेलं. आणि 1964 मध्ये इंद्रजाल आपल्याकडे सुरू झालं तेव्हा आपल्या लोकांनी परत नावं बदलली, देश डेंकाली झाला, सिंगचे सिंगा झाले, वेताळाच्या बापाला मारणारा रामा होता त्याचा रामालू केला, कारण आपल्या वाचकाला ती नावं खटकली असती. ड्रेसचं तर काय सांगू, फॉकच्या डोक्यात राखाडी होता, अमेरिकेत छापताना जांभळा झाला, इटलीत लाल. आपण पोरं कवटीच्या अंगठीसाठी जीव टाकायचो तो वेताळ आपल्यासाठी बदलून आणलेला वेताळ होता, आणि तो आपलाच वाटला ना? मूळ मूळ म्हणतोस ते नक्की कुठलं?

मी राहते तिथून क्लीव्हलंड गाडीने जाण्यासारखं आहे. तिथल्या ग्लेनव्हिल भागात सुपरमॅनची गोष्ट लिहिणाऱ्या जेरी सीगलचं घर आहे, सुपरमॅन ह्याच घरात सुचला. साधं लाकडी घर, कुंपणावर सुपरमॅनचं लाल चिन्ह आणि माहितीची पाटी, बास. चित्रं काढणारा जो शुस्टर जवळच राहायचा, त्याची इमारत आता पाडलीय पण त्या जागेच्या कुंपणावर 1938 च्या पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावलीत, चालत चालत अख्खी गोष्ट वाचता येते. मी मुलाला घेऊन गेले होते आणि वाचता वाचता दोघंही गप्प झालो, कारण हा सुपरमॅन आमच्या ओळखीचाच नव्हता. हा उडत नाही, लांब उड्या मारतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बडवतो, निरपराध बाईची फाशी थांबवायला धावतो, भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. त्याला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइटचा पत्ताच नाही, ते 1943 मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आलं आणि कॉमिक्समध्ये यायला 1949 उजाडलं. आणि ज्या ‘सत्य, न्याय आणि अमेरिकन वे’ ह्या ब्रीदवाक्याच्या बदलावरून 2021 मध्ये एवढी बोंबाबोंब झाली ते सीगल-शुस्टरचं नव्हतंच, ते पण युद्धाच्या काळात रेडिओवाल्यांनी जोडलेलं. त्याच्याही आधी, 1933 मध्ये, ह्या दोघांनी सुपरमॅन नावाची पहिली गोष्ट छापली होती त्यात तो टकला व्हिलन होता! म्हणजे पहिला बदल त्याच्या जन्मदात्यांनीच केला.

ही दोघं स्थलांतरित ज्यू घरातली पोरं. दुसऱ्या जगातून आलेलं बाळ, नवं नाव, नवे आईबाप, खरी ओळख आत ठेवून ऑफिसात वेगळंच माणूस होऊन वावरणं, हे इथे येऊन पंधरा वर्षं काढल्यावर मी वाचते तेव्हा लहानपणी न दिसलेलं दिसतं. माझंही नाव इथे अर्धं झालंय. पण मी बदलले म्हणजे बिघडले असं मला तरी वाटत नाही.

विजेच्या वेगाने पळणाऱ्या फ्लॅशचं उदाहरण मला फार आवडतं. युद्धानंतर सुपरहिरोंचा खप पडला, बहुतेक मासिकं बंद झाली, जुना फ्लॅश पण गेला. 1956 मध्ये नवा आणला, बॅरी ॲलन, आणि त्या गोष्टीत बॅरी स्वतः जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचत बसलेला दाखवलाय, त्याच्यावरच्या प्रेमापोटीच तो ते नाव घेतो. तो बदल झाला नसता तर आज फ्लॅशचं नाव कोणी घेतलं असतं का मला शंका आहे. 2011 मध्ये नवा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस आला, बाप कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची, ब्रुकलिनचा मुलगा. माझ्या मुलाला मी विचारलं की मग खरा स्पायडरमॅन कोण, हा की जुना पीटर पार्कर, तर म्हणाला, "आई, पीटर पण आहे ना, दोघं आहेत." त्याच्यासाठी विषय संपला.

एक मात्र दादाचं मला पटतं. खपासाठी हिरोला मारायचं आणि परत उठवायचं, 1992 मध्ये सुपरमॅनला मारला आणि पुढच्याच वर्षी परत आणला, ह्याने वाचकाचा विश्वास उडतो, रडलो ते फुकट गेलं असं वाटतं. पण त्यात राग धंद्यावर हवा, माइल्सवर कशाला?

आणि खरा अन्याय कोणावर झाला ते सांगते. त्या पहिल्या 13 पानांचे दोघांना मिळून 130 डॉलर मिळाले आणि सुपरमॅन कायमचा कंपनीचा झाला. 1975 मध्ये, म्हातारपणी, बरीच ओरड झाल्यावर, वर्षाला 20,000 डॉलर पेन्शन मिळालं आणि निर्माते म्हणून नाव परत लागलं. बॅटमॅन घडवणाऱ्या दोघांपैकी बिल फिंगर तर 1974 मध्येच गेला, आणि त्याचं नाव दुसऱ्याच्या, बॉब केनच्या, बरोबरीने अधिकृतपणे लागायला 2015 उजाडलं. हिरो कोणी बदलला ह्याच्यावर आपण एवढे भांडतो, तो कोणी घडवला ह्याच्यावर पण तेवढंच भांडू या ना.

डिसेंबरमध्ये आम्ही येतोय दादा. गठ्ठा माळ्यावरून काढून ठेव, मुलाला वेताळ दाखवायचाय. तो त्याचा माइल्स घेऊन येणार आहे, तू वाचून बघ, मग बसून बोलू.