उनकेश्वरचं गरम पाणी आणि ‘फुकट’ विजेचा हिशेब

‘उनकेश्वरला जमिनीतून उकळतं पाणी येतं, म्हणजे खाली फुकट वीज आहे. अमेरिकेसारखे बोअर मारा, कृषिपंपाला चोवीस तास लाइन मिळेल’ असा मेसेज यवतमाळ-वाशीमकडे फिरतो आहे. ‘ही वीज हवी तेव्हा कमी-जास्त करता येते’ असंही त्यात म्हटलं आहे. ती एक गोष्ट खरी आहे, तिच्याबद्दल शेवटी.

पैनगंगेकाठचं ते पाणी उकळतं नाही, साधारण 42 अंशांचं आहे. वीज तापमानाच्या फरकातून निघते, पाण्याची उष्णता कुठेतरी थंड जागी सोडावी लागते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला दुपारची हवाच 45 अंशांवर जाते, मग सोडणार कुठे? डिसेंबरच्या पहाटे 12 अंश धरले, तरी सिद्धांताने साडेनऊ टक्के उष्णतेचीच वीज होऊ शकते. प्रत्यक्षात निम्मीही नाही, आणि त्यातूनच पंप-पंखे चालवायचे.

‘बोअर मारा’ म्हणणं सोपं आहे. खाली जाताना किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंश वाढतात. शेतातला 300 फुटांचा बोअर जेमतेम अडीच अंशांच्या वाढीवर संपतो. 150 अंशांचा खडक हवा तर चार ते पाच किलोमीटर. तिथे बोअरची गाडी पोचत नाही, तेलविहिरीची रिग, टप्प्याटप्प्याने केसिंग आणि सिमेंट लागतं. विहिरीही किमान दोन: एकीतून पाणी दाबायचं, खडक चिरून केलेल्या भेगांतून ते तापत जाऊन दुसरीतून वर येतं. एकच भेग जास्त उघडली तर पाणी नीट तापण्याआधीच पलीकडे निघतं आणि विहीर थंडावते. दक्षिण कोरियात पोहांगला अशाच पाणी दाबण्याच्या कामातून 2017 मध्ये 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारी पाहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अमेरिकेचं उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. नेवाडात फर्वो कंपनीने 2023 मध्ये 30 दिवसांची चाचणी घेतली: 191 अंशांचा खडक, सेकंदाला 63 लिटर, 3.5 मेगावॅट. तो खडक अडीच किलोमीटरच्या आतच सापडला. आणि मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटना, 45 डॉलर हा जो दर सांगतात, तो तिथल्या ऊर्जा खात्याने 2035 साठी ठेवलेलं उद्दिष्ट आहे.

आता खरी गोष्ट. ही वीज कमी-जास्त करता येते. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा उत्पादन विहिरीचा व्हॉल्व्ह आवळायचा, पाणी दाबणं चालू ठेवायचं. भेगांत दाब साठतो आणि संध्याकाळी जास्त प्रवाह मिळतो. हे मोलाचं आहे, पण फुकट नाही. जवळजवळ सगळा पैसा आधीच विहिरींत आणि यंत्रांत गेलेला असतो, व्हॉल्व्ह आवळला म्हणून व्याज थांबत नाही. संध्याकाळच्या जादा प्रवाहासाठी टर्बाइनही मोठं घ्यावं लागतं, ते उरलेला दिवस अर्धवट चालतं. संध्याकाळच्या युनिटला दुपारपेक्षा बराच जास्त दर मिळाला तरच हे परवडतं. कृषिपंपाला मात्र वीज दिवसा हवी, आणि ती सौर कृषी वाहिनी त्याच वेळी देते.

गावात कोणी असा प्रकल्प घेऊन आलं, तर ठराव करण्याआधी तीन आकडे लेखी मागा: किती खोलीवर मोजलेलं किती तापमान, सेकंदाला किती लिटर, आणि 45 अंशांच्या दुपारी पंप वजा करून किती युनिट.