पाव चमचा हळद

मेलबर्नला सध्या कडाक्याची थंडी आहे. परवा लेकीला खोकला झाला, तेव्हा रात्री हळदीचं दूध केलं. दूध वर आलं की पाव चमचा हळद, दोन मिरे ठेचून, आणि गूळ गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. हे आईनं शिकवलेलं.

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला होता. नाशिकच्या मावसभावाचं म्हणणं, हळद असताना गोळ्या कशाला? पुण्याची डॉक्टर भाची म्हणाली, हे सगळं थोतांड. भावाने मग पेटंटचा दाखला काढला: आपल्या हळदीचे गुण अमेरिकेनेसुद्धा मानले!

तो दाखला मला खटकला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. त्या लढ्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण पेटंट रद्द झालं ते हा उपयोग आपल्याकडे पूर्वापार माहीत होता म्हणून. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही.

आमच्या काकांना मधुमेह होता. पायाच्या जखमेत ते दहा दिवस हळद दाबत राहिले आणि शेवटी अंगठा गमवावा लागला. माझी आजी असं कधीच करू देत नसे. विळीने बोट कापलं तर चिमूटभर हळद, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप. पण गंजका खिळा रुतला की हात धरून दवाखान्यात, धनुर्वाताच्या इंजेक्शनला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला हा फरक चांगला कळत होता.

आणि इथे? इथे केमिस्टकडे हळदीच्या कॅप्सूल मिळतात. हळदीत कुर्क्युमिन, म्हणजे तिचं मुख्य गुणकारी द्रव्य, जेमतेम तीनेक टक्के. कॅप्सूलमध्ये तेच काढून एकवटलेलं असतं, शिवाय ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून अनेकदा मिऱ्याचा अर्कही घातलेला. ऑगस्ट 2023 मध्ये इथल्या औषध नियामकाने इशारा दिला की अशा गोळ्यांमुळे क्वचित यकृताला इजा होऊ शकते. रोजच्या जेवणातल्या हळदीबद्दल मात्र तशी भीती दिसत नाही, हेही सांगितलं. म्हणजे जिन्नस एकच, बिघडतं ते प्रमाणाने. माझ्या भाचीने थोतांड म्हणण्याऐवजी हे सांगितलं असतं, तर भावानेही ऐकलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आईला फोन केला तर म्हणाली, "दूध दे गं, घशाला बरं वाटतं. पण तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखव."

चौथ्या दिवशीही खोकला होताच. सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि रात्री पुन्हा दूध तापत ठेवलं.