नंबर फ्रेमवर असतो हो!

मॉडेल कारचे सुटे पार्ट विकणाऱ्यांनो, ते फ्रेममधून, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यातून, तोडून विकू नका. किती वेळा सांगायचं? सूचनापत्रकात पार्ट ज्या नंबरानं ओळखायचा, तो नंबर पार्टवर नसतो, शेजारच्या फ्रेमवर असतो. एकदा कटर फिरला की पार्ट बेवारस!

परवा पुन्हा तेच. नव्या पेठेतून पार्सल घेऊन उन्हातून तसाच घरी आलो, पलंगावरच्या चादरीवर पिशवी रिकामी केली. चार सायलेन्सर, दोन रेडिएटर, एक बंपर. बंपरचं क्रोम नख लावताच सुटलं. विकणारा छातीठोकपणे सांगत होता, "सगळं १/२५ आहे दादा," म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं. व्हर्नियर लावून मोजलं तर निम्मा माल १/२४ चा. फरक थोडाथोडका नाही: ४८०० मिमीची गाडी १/२४ मध्ये २०० मिमी भरते, १/२५ मध्ये १९२. आठ मिलिमीटर! बॉडी चेसिसवर बसणार कशी?

दोन रात्री जुनी सूचनापत्रकं धुंडाळतोय. एक रेडिएटर ओळखू आला, दुसरा अजून नाही. निदान फ्रेमचा तो नंबराचा तुकडा तरी पिशवीत टाकत जा रे, त्याला पैसे पडत नाहीत.