झूम किती आहे, भाऊ?

नागपुरात तुमच्या गळ्यात कॅमेरा दिसला की लोक बाकी काही विचारत नाहीत, कंपनी नाही, किंमत नाही, डायरेक्ट 'झूम किती आहे भाऊ'. आणि यात लोकांचं काही चुकतंय असंही नाही, आमच्या शहराच्या आजूबाजूला सगळा वाघच वाघ, इकडे पेंच, तिकडे उमरेड-कऱ्हांडला, अजून खाली उतरलं की ताडोबा, त्यामुळे इथं कॅमेरा म्हणजे वाघ आणि वाघ म्हणजे झूम हे पोरांना शाळेच्या आधी कळतं. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, सगळे त्याला टायगरभाऊ म्हणतात, खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय, त्याच्याकडे १५०-६०० एमएमची झूम आहे (एमएमचा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). दोन किलोची लेन्स. कारमध्ये पुढच्या सीटवर ती बसते, बेल्ट लावून, आणि वहिनी मागे.

अशा गावात मी ठरवलं की आपल्याला १६ एमएम एफ/१.४ घ्यायची (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं). प्राइम. म्हणजे फिक्स. झूम शून्य.

टायगरभाऊनं तर्रीपोह्याची प्लेट खाली ठेवली. "थांब. म्हणजे झूम होत नाही?" नाही. "आणि समोरचं जे हाय ते अजून दूर दिसते?" हाव. "म्हणजे तू पैसे देऊन वाघ मागं ढकलून राहिला का बे?"

आता याला काय सांगणार. मला वाघ पाहिजेच नव्हता, मला आमचा हॉल पाहिजे होता. बारा फुटांचा हॉल, त्यात दिवाण, त्यात शोकेस, त्यात फ्रिज (किचनमध्ये मावला नाही म्हणून), आणि वर एक ट्यूबलाइट. आमच्या घरचं प्रत्येक बारसं, प्रत्येक सत्यनारायण, प्रत्येक साक्षगंधाची बोलणी त्याच एका ट्यूबलाइटखाली झालीत, आणि फोटोत प्रत्येक वेळी पोरं भुतासारखी. कारण कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली जी १६-५० ची किट लेन्स असते ना, तिचं भोक १६ वर फार फार तर एफ/३.५ एवढं उघडतं, पुढं झूम केलं की तेही ५.६ वर येऊन आकसतं. एफ/१.४ म्हणजे ३.५ च्या तुलनेत साधारण सहापट उजेड आत. जिथं किट लेन्सवर शटर एक पंधरांश सेकंद येतं आणि धावणारं पोरगं पुसून जातं, तिथं ही एक नव्वदांशच्या आसपास देते आणि पोरगं नाकातल्या बोटासकट स्वच्छ येतं.

हे सगळं मी बायकोला नीट, कागदावर काढून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाईल उचलून विचारलं, "यात किती एमएम असतं?"

इथं मी अडकलो. कारण आजकालच्या मोबाईलचा मेन कॅमेरा फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, हिशेबात २४ ते २६ एमएमच्या आसपासच असतो, आणि बऱ्याच फोनवर एफ/१.८ वगैरे लिहिलेलंही असतं. माझी १६, माझ्या कॅमेऱ्याच्या त्याहून लहान, क्रॉप सेन्सरवर दीडनं गुणली की किती? २४. म्हणजे मी ज्या नजरेसाठी एवढा जीव काढून राहिलो होतो ती नजर आमच्या घरात माझ्या सासूबाईंसकट चार जणांच्या खिशात आधीच होती.

"म्हणजे हेच ना?" ती म्हणाली.

"हेच नाही. सेन्सर केवढासा असतो मोबाईलचा, नखाएवढा. तो एफ/१.८ आणि हा एफ/१.४ यात जमीन-अस्मानाचा…"

"फोटो तर चांगले येतात अहो माझे."

येतात ना. तिथंच तर दुखणं आहे. दिवसा, उन्हात, व्हॉट्सॲपवर पाहिलं तर तिचा फोन आणि माझा कॅमेरा यात फरक दाखवायला मला अजूनही घाम फुटतो. फरक दिसतो तो ट्यूबलाइटखाली, पोरं पळत असताना, आणि फोटो मोठा करून पाहिला तर. पण फोटो मोठा करून पाहतं कोण? मी. एकटा. रात्री.

तर मग निवड. सिग्माची १६ एफ/१.४, ही २०१७ मध्ये आली, वजन ४०५ ग्रॅम, आत सोळा भिंगं. सोनीची स्वतःची १५ एफ/१.४ जी, २०२२ ची, वजन २१९ ग्रॅम, जवळपास अर्धं, आणि अपर्चरची, म्हणजे भोक लहान-मोठं करायची, रिंग लेन्सवरच, पण भाव असा की पाहूनच टॅब बंद केला. सोनीचीच ११ एफ/१.८, अजून हलकी, पण एवढी वाइड की स्वतःचे बूट फोटोत येतील. आणि मग तो सगळ्यात डेंजर आवाज, 'फुल फ्रेमच घेऊन टाक ना, त्यावर २४ एफ/१.४ जीएम लावजो', जो नेहमी अशा माणसाच्या तोंडून येतो ज्याला स्वतःला काहीच घ्यायचं नसतं. ती एक लेन्सच लाखाच्या वर जाते भाऊ, आणि बॉडी वेगळी.

लेन्सचे रिव्ह्यू पाहणं हे व्यसन आहे. जगातले मोठेमोठे लोक विटांच्या भिंतीचे फोटो काढतात, मग त्या भिंतीचा डावीकडचा खालचा कोपरा मोठा करून म्हणतात, इथं थोडी शार्पनेस कमी आहे. मीही आमच्या गल्लीतल्या भिंतीपुढं किट लेन्स घेऊन उभा राहिलो, तर समोरच्या घरातले काका गेटवर आले, "नगरपालिकेकडून आले का?" (नागपुरात महानगरपालिका होऊन जमाना झाला, पण काकांनी ते अजून मान्य केलेलं नाही.) त्यांना वाटलं भिंत पाडतात आता. कोपऱ्यातल्या शार्पनेसचं मला विचाराल तर, कोपऱ्यात आमच्याकडे नेहमी एक तर चपला असतात नाहीतर कोणाचा तरी कोपर. चपला शार्प पाहिजेत अशी तक्रार अजून कोणाची आली नाही.

कामाची गोष्ट एकच केली, जुने फोटो काढून कोणता किती एमएमवर घेतला ते बघितलं. घरातले जवळजवळ सगळे १६ वर. बाहेरचे जवळजवळ सगळे ५० वर. मधल्या एमएमना मी कधी हातच लावला नव्हता, म्हणजे झूम होती पण मी ती दिव्याच्या बटणासारखी वापरत होतो, इकडे नाहीतर तिकडे. म्हटलं झालं, सिग्माची १६.

बर्डीवरच्या (सीताबर्डी, आमचा बाजार) एका दुकानात गेलो, नाव जाऊ द्या. काउंटरवरच्या भाऊनं लेन्सचं नाव ऐकून मागच्या भाऊकडे पाहिलं, मागच्यानं छताकडे. "ते नाही चालत भाऊ इकडे. ५५-२१० घेऊन जा ना, एकदम वाघ जवळ येते." म्हटलं मला जवळ नाही आणायचं काही. तो माझ्याकडे असा पाहायला लागला की बावा याचं घरी काही बिनसलं असेल. शेवटी मागवून घेतली, आली, त्याची स्टोरी काही विशेष नाही.

विशेष हे की ती मे महिन्यात आली. आता एफ/१.४ हातात आली की माणूस ती एफ/१.४ वरच वापरणार ना, त्याचेच तर पैसे दिले. दुपारी गच्चीवर गेलो आणि क्लिक केलं, फोटो पांढरा. कोरा. कड्डक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा त्याचा आकडा) १०० ला एफ/१६ वर एक शतांश सेकंद लागतो, तिथून १.४ पर्यंत उघडत गेलं की हिशेब जातो सेकंदाच्या बारा हजार आठशेव्या भागापर्यंत, आणि माझ्या कॅमेऱ्याचं शटर चार हजाराव्या भागावरच हात टेकतं. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात ही लेन्स पूर्ण उघडी बाहेर नेताच येत नाही, पुढं काळी एनडी काच लावावी लागते, जसं आपल्याकडे मे महिन्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी गाडीला किक मारत नाही तसं. काचेचा खर्च वेगळा. बायकोला अजून सांगितलेला नाही.

पण हॉलमध्ये! हॉलमध्ये ती राणी आहे. भाच्याच्या साक्षगंधाला दोन रांगा, पुढे बसलेले, मागे उभे, आणि मी दरवाज्याच्या चौकटीत पाठ लावून तीन मीटरवर. ५० एमएमच्या एफ/१.८ नं (आधी ते लोक त्यात मावले तर) तीन मीटरवर साधारण पंचवीस सेंटिमीटरची पट्टी शार्प येते, म्हणजे एक तर जावई नाहीतर सासरा, दोघं मिळून नाही. ही १६, एफ/१.४ वर, सव्वादोन ते साडेचार मीटर सगळं धरून ठेवते. दोन्ही रांगा, मागचं कॅलेंडर, कॅलेंडरवरचा गणपती, सगळं. एवढा उजेड घेऊन एवढं खोल शार्प ठेवणं हे वाइड लेन्सलाच जमतं, आणि हे मी त्या रात्री येईल त्याला थांबवून सांगत होतो.

मग मोठ्या आत्यानं फोटो मागितला.

आत्या डाव्या टोकाला बसली होती. आणि वाइड लेन्सचं असं आहे की ती सरळ रेषा सरळ ठेवते, भिंत सरळ, दार सरळ, पण त्याची किंमत कडेच्या माणसांकडून वसूल करते, कडेला जे काही असतं ते बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. मधातली नवरी बारीक, आणि आत्या ताणलेली.

"मी काय अशी दिसतो का रे?"

"आत्या, ते लेन्समुळे…"

"मंग नवरी काऊन चांगली दिसून राह्यली? तिच्यासाठी दुसरी लेन्स होती का?"

मी प्रोजेक्शन समजावलं. मी गोलाकार वस्तू आणि सपाट कागद समजावलं, लाडू घेऊन. आत्यानं लाडू खाल्ला आणि म्हणाली, "अठ्ठावीस हजार रुपये देऊन मले जाडी केलं यानं." आकडा तिनं स्वतःच्या मनानं लावला होता, खरा सांगण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात ग्रुप फोटोचं पूर्ण राजकारण बदललं. आधी मानाप्रमाणे बसायचे, आता मी कॅमेरा काढला की सगळे मधात. कडेला कोणी जातच नाही. शेवटी दोन काडीपैलवान पुतणे आम्ही कायमचे कडेला नेमून टाकले, ते फोटोत नॉर्मल येतात. पण एकदा त्यातला एक पुण्याला नोकरीवर गेला तर पूर्ण दहा मिनिटं फोटो अडला होता.

लेन्सवर माझा खरा जीव जडला तो मारबतीला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे, मिरवत निघते, इतवारी-महालाच्या त्या गल्ल्या, वर गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या, खाली पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळे ओरडून राहिले, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. तिथं टायगरभाऊच्या ६०० मध्ये फक्त मारबतीची एक नाकपुडी मावली असती. मी गर्दीत घुसून पार खालून काढले, आता खालून वर धरलं की ती मागं झुकल्यासारखी दिसते, भिंती पण आत कलतात, पण मारबत तशीच अंगावर येणारी पाहिजे ना. लांबून फोटो काढायची ही चीजच नाही, या लेन्सला माणसाच्या श्वासाएवढं जवळ जावं लागतं, बाजूच्या माणसाचा गुलाल तुमच्या अंगावर येतो आणि तो म्हणतो, भाऊ मला पण पाठवजा. बाजूला बायको उभी होती, तिनं हात जोडून स्पष्ट ऐकू येईल असं म्हटलं, "लेन्स-बिन्स घेऊन जा गे मारबत."

पेंचला मात्र टायगरभाऊला घेऊन गेलो. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, तिथली रात्र खरोखर काळी असते, म्हणून आम्ही अमावस्या धरून गेलो. ताऱ्यांच्या फोटोचा साधा हिशेब म्हणजे पाचशेला एमएमनं भागायचं, माझे २४ म्हणजे वीस सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारे ठिपकेच राहतात. त्याचे ६०० गुणिले दीड, नऊशे, म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात ती लेन्स आकाशाकडे तोंड करून आळस पण देत नाही. माझ्या स्क्रीनवर आकाशगंगा आली, कडेच्या ताऱ्यांना १.४ वर थोडे पंख फुटतात, एफ/२ वर आणलं की आवरतात. टायगरभाऊनं बराच वेळ स्क्रीन पाहिली. मग म्हणाला, "चंद्र कुठं हाय?" अमावस्या हाय भाऊ. "मंग मी कायले आलो?"

पण आत्याच्या कानावर कुठून तरी गेलं की लांबच्या लेन्सनं माणूस ताणला जात नाही, उलट बारीक येतो. तिच्या नातीच्या लग्नात, वर्धा रोडवरच्या लॉनवर, तिनं परस्पर टायगरभाऊला बुक केलं. आता १५० एमएममध्ये सहा मीटरची रांग मावायची तर त्याला जवळपास चाळीस मीटर मागे जावं लागलं, तो स्टेजपासून निघाला तो सोफे, मग कूलर, मग पाणीपुरीचा काउंटर ओलांडून पार गेटपाशी ट्रायपॉड लावून उभा राहिला. तिथून आवाज येईना म्हणून मोबाईलवर, स्पीकर ऑन, "आत्या थोड्या डावीकडे." आत्या उजवीकडे. "दुसरी डावीकडे, आत्या." मधून सारखे लोक जात होते.

फोटो आला. आत्या खरंच बारीक आली होती, आणि तिच्या बरोबर समोर, पोटाच्या उंचीवर, पापडांचा ढीग घेऊन चाललेला केटरिंगवाला पोरगा. टायगरभाऊ म्हणाला, पुन्हा काढतो.

"नको नको," आत्या म्हणाली. "त्याले राहू दे. मी चांगली आली ना."

सध्या आत्याचा डीपी तोच आहे, पापडासकट.