गाडीतली बुखारी आणि दोन बोटं उघडी खिडकी

हिवाळा तोंडावर आला की कॅम्परवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: लडाख-स्पितीला थंडीत गाडीतच झोपायचं असेल तर महागड्या डिझेल हीटरच्या नादी लागू नका. छोटी बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारा पत्र्याचा स्टोव्ह, घ्या, तिची ऊब कोरडी असते. जीआय पत्र्याचा पाइप छतातून बाहेर काढा, मागच्या प्लायवूडला टाइल चिकटवा आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. झोपताना बुखारीची हवा कमी केली की रात्रभर धग टिकते. पाइपची कटकट नको असेल तर कोळशाची शेगडी चालते, कारण कोळशाला धूर नसतो. जळणातून येणारा विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड जड, तो खाली बसतो, म्हणून वरच्या बर्थवर झोपा. काश्मिरी लोक असेच राहतात, त्यांना कुठे काय होतं? सगळं मिळून एका दुपारचं काम.

लाकडावरच्या स्टोव्हला माझा विरोध नाही. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोटींत, अमेरिकेतल्या चिमुकल्या घरांत असे स्टोव्ह वर्षानुवर्षं जळताहेत. ते ज्या गोष्टींमुळे जमतं, नेमक्या त्याच या मजकुरातून गळाल्यात. वर जे सांगितलंय त्यातलं बरंचसं उलटं आहे.

"खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की झालं"

हिशोब करू. ट्रॅव्हलर मिनीबसच्या आकाराच्या गाडीत राहायची जागा साधारण ३ मीटर लांब, १.८ रुंद, १.९ उंच धरली तर आत जेमतेम १० घनमीटर हवा असते. एक किलो वाळलेलं सरपण छोट्या स्टोव्हमध्ये बऱ्यापैकी जळायला आठ-दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे किलोभर लाकडामागे गाडीतली सगळी हवा एकदा पाइपातून बाहेर जाते. हे समुद्रसपाटीचं झालं. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब खालच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. तेवढ्याच लाकडाला तिथे दीडपट घनमीटर हवा हवी.

ही हवा कुठून तरी यायला हवी, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळलंय. पण खिडकी हा त्यावरचा भरवशाचा उपाय नाही. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची खिडकी उघडी असेल तर ती हवा आत घेत नाही, आतली बाहेर ओढते. मग गाडीला लागणारी हवा सोपा रस्ता शोधते आणि तो रस्ता बुखारीचा पाइप असू शकतो. पाइपाची ओढ, म्हणजे धूर वर खेचायची ताकद, उलटली की धूर आत. छतावरचा बारा व्होल्टचा पंखा लावला तरी हेच होतं, आणि स्वयंपाकाची वाफ जावी म्हणून तो पंखा लावायचा मोह संध्याकाळी होतोच.

योग्य पद्धत म्हणजे स्टोव्हजवळ, खालच्या अंगाला, बाहेरून हवा आणणारा कायमचा झरोका. शक्य असेल तर नळीने थेट स्टोव्हच्या पोटात हवा देणारा. त्याला झडप नको. उणे पंधरा अंशांत पहाटे तीनला थंडगार झोत पायावर आला की कोणीतरी उठून त्यात मोजा कोंबतंच, म्हणून तो हाताला सहज लागेल अशा जागी असू नये.

"जीआय पत्र्याचा पाइप चालतो"

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. जस्त ४१९ अंश सेल्सियसला वितळतं, आणि स्टोव्हच्या तोंडाजवळचा पाइप जोरदार जाळावर त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकतो. तापलेल्या जस्ताच्या वाफेने वेल्डरना थंडी वाजून ताप येतो, हे कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा. एवढ्याशा जागेत तो प्रयोग नको. काळा स्टीलचा किंवा स्टेनलेसचा पाइप घ्या.

त्याहून जास्त वेळा चुकते ती जोडाची दिशा. पाइपाचं निमुळतं टोक खाली, म्हणजे स्टोव्हच्या बाजूला यायला हवं. आपल्याला वाटतं धूर वर जातो, तर वरचा पाइप खालच्यावर टोपीसारखा बसवावा. पण धुरातली वाफ आणि डांबर पाइपात थंड होऊन खाली ओघळतं. जोड उलटा असेल तर ते बाहेर झिरपतं, पाइपावर काळ्याशार रेघा उठतात आणि गादीला असा वास लागतो की धुऊनही जात नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा. घरातला पाइप जागचा हलत नाही. स्पितीतल्या काझाच्या रस्त्यावर दिवसभर खडखडत गेलेल्या गाडीत जोडात भरलेला फायर सिमेंट तडकून खाली पडलेला असतो.

"मागे टाइल चिकटवा"

हा सल्ला दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आहे. टाइल जळत नाही, हे खरं. पण ती उष्णता अडवतही नाही, फक्त थोडी उशिरा पलीकडे पोचवते. मागचं प्लायवूड रोज तापतं, सुकतं, तपकिरी होतं, आणि असं महिनोन्‌महिने भाजलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. पहिल्या हंगामात काहीच होत नाही, म्हणूनच लोक "आमच्याकडे चालतंय" असं छातीठोकपणे सांगतात. गाडीत प्लायवूडच्या मागे इन्सुलेशनही असतं. थर्मोकोल असेल तर ते शंभर अंशांच्या आतबाहेरच मऊ पडतं.

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा नियमांत चाचणी न झालेल्या स्टोव्हपासून जळाऊ भिंत ३६ इंच लांब ठेवायला सांगितलंय. मध्ये पत्रा उभा केला आणि पत्रा व भिंत यांच्यात इंचभर पोकळी, खाली-वर उघडी, ठेवली तर तेच अंतर १२ इंचांवर येतं. काम करते ती पोकळी. खालून थंड हवा शिरते, वरून गरम होऊन निघते. सहा फूट रुंदीच्या गाडीत १२ इंचही जड जातात, म्हणून तर गाड्यांसाठी मुद्दाम बनवलेले, स्वतःची दुहेरी कवचं असलेले छोटे स्टोव्ह असतात. त्यांच्यासोबत आलेल्या पुस्तिकेतलं अंतर पाळायचं, कोणाच्या रीलमधलं नाही.

पाइप छतातून जातो तिथे आणखी जपायला हवं. पत्रा, इन्सुलेशन, प्लाय असे थर तिथे पाइपाला बिलगलेले असतात आणि आतून काही दिसत नाही. तिथे दुहेरी भिंतीचा पाइप आणि भोवती न जळणारी मोकळी जागा हवीच. बाहेरून पाणी अडवायला लाल, उष्णता सोसणारं सिलिकॉन लावा. काळं रबर तिथे टिकत नाही.

"झोपताना हवा कमी करा, रात्रभर धग राहते"

राहते. सोबत बाकीचंही राहतं. हवा कोंडली की लाकूड जळायचं थांबतं आणि धुमसायला लागतं. धुमसणारं लाकूड कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर दोन्ही भरपूर करतं. पाइप थंड पडला की त्याची ओढ मंदावते, म्हणजे वायू सर्वात जास्त आणि तो बाहेर नेणारी ताकद सर्वात कमी, अशी वेळ बरोबर पहाटे येते. सगळे गाढ झोपेत असताना.

मुळात गाडीच्या मानाने मोठी बुखारी घेतल्यामुळेच ती कोंडावी लागते. किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. तासाला अर्धा किलो जाळलं तरी स्टोव्हच्या तोट्यासकट सव्वा ते दीड किलोवॉट मिळतात, आणि नीट इन्सुलेट केलेल्या गाडीला तेवढं पुरतं. घरगुती बुखारी त्याच्या कितीतरी पट धग देते, मग वीस मिनिटांत गाडीची भट्टी होते आणि हात आपोआप झडपेकडे जातो. छोटा स्टोव्ह, मनगटापेक्षा बारीक ढलप्या, स्वच्छ पिवळी ज्योत, आणि झोपायच्या आधी विस्तव पूर्ण विझू देणं. रात्रीसाठी चांगली स्लीपिंग बॅग असते.

"कोळशाला धूर नसतो" आणि "गॅस जड, म्हणून वर झोपा"

धूर नसतो कारण धूर करणारा भाग कोळसा पाडतानाच जळून गेलेला असतो. उरलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड लाकडापेक्षा अधिक येतो, आणि डोळे चुरचुरत नसल्यामुळे कोणी दारही उघडत नाही. धुराडं नसलेली कुठलीही शेगडी बंद गाडीत न्यायची नाही. यात पण-परंतु नाही.

वजनाचं म्हणाल तर कार्बन मोनॉक्साइडचा रेणूभार २८ आणि हवेचा सरासरी २९. तो खाली बसत नाही, सगळीकडे मिसळतो, आणि गरम हवेसोबत आला तर आधी वरच चढतो. जड असतो तो कार्बन डायऑक्साइड, ४४. दोन्ही नावांची सरमिसळ करून कोणीतरी लेकरांना वरच्या बर्थवर पाठवतंय.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली, पण मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. लेहला पोचलेल्या माणसाचं डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागेना, की सगळे एकच निदान करतात: उंचीचा त्रास. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) द्या, पांघरूण घाला, गाडी गरम ठेवा, पडून राहू दे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणं हुबेहूब तीच आहेत. म्हणजे ज्याला तातडीने बाहेर काढायला हवं, त्याला आपण प्रेमाने आत कोंडतो आणि शेगडीत आणखी दोन ढलप्या टाकतो.

मग कोणीतरी ऑक्सिमीटर काढतं. कोविडपासून तो प्रत्येकाच्या बॅगेत आहे. बोटाला लावला, आकडा चांगला आला, सगळे निर्धास्त. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो, आणि कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जिथे धडधाकट माणसाचा आकडाही नव्वदीच्या खाली असतो, तिथे आजारी माणसाचा आकडा बाकीच्यांपेक्षा चांगला दिसत असेल तर खूश होऊ नका, दार उघडा.

फरक ओळखायच्या दोन खुणा आहेत. गाडीतल्या सगळ्यांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, किंवा दिवसा बाहेर बरं वाटतं आणि रात्री आत आलं की पुन्हा सुरू होतं, तर संशय शेगडीवर घ्यायचा. आधी सगळे बाहेर, मग बाकीचं. दवाखान्यात गेल्यावर "आत शेगडी पेटलेली होती" हे पहिलं वाक्य असू द्या, नाहीतर तिथेही उंचीचाच विचार होईल.

या वायूला वास नाही, त्यामुळे त्याचा अलार्म हवाच. धुराचा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक आहे, त्यात हादरे सोसण्याचीही अट आहे. असा अलार्म हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग वायू) झालं की तीन मिनिटांत वाजतो, ५० पीपीएमला तास-दीड तास घेतो. तो उशाच्या उंचीवर लावायचा.

"काश्मिरी लोकांना कुठे काय होतं?"

होतं. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात तीन मुलांसह एकाच कुटुंबातले पाच जण गुदमरून गेले, तेव्हाही संशय खोली गरम करायच्या साधनावरच होता. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यातली चार मुलं, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. आणि गाडीचंच उदाहरण हवं तर डिसेंबर २०२४: केरळमधल्या वडकऱ्यात रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. तिथे थंडीही नव्हती.

शिवाय डोंगरातल्या घरातली बुखारी मोठ्या खोलीच्या मध्यावर असते. भिंती मातीने लिंपलेल्या, पाइप उंच आणि सरळ. पिढ्यान्‌पिढ्या ती पेटवणाऱ्या बाईला तिच्या आवाजावरून ओढ कळते. यातलं काहीच आपण गाडीत घालून आणत नाही, फक्त पत्र्याचा डबा आणतो. स्पितीत सरपण खालून ट्रकने चढवावं लागतं, तेव्हा गावातून दोन पोती "स्वस्तात" उचलताना ते कोणाच्या हिवाळ्यातलं आहे हेही बघावं.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये बरोबर आहे. लाकडी स्टोव्हची ऊब कोरडी असते. जळण्यातून निघणारी वाफ पाइपातून बाहेर जाते, उघड्या गॅस शेगडीसारखी काचांवर साचत नाही. फक्त त्यासाठी पाइप हवा.

"एका दुपारचं काम"

छताला भोक पाडणं एका दुपारचं आहे. कागदपत्रांचं वेगळं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीपेक्षा गाडीत बदल करायला बंधनं आहेत आणि आग लागल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, म्हणून काम सुरू करायच्या आधी लेखी विचारून घ्या.

नवा स्टोव्ह आधी मोकळ्या मैदानात, गाडीच्या बाहेर दोन-तीनदा पेटवा. त्याचा रंग पहिल्यांदा तापताना घाण धूर सोडतो. मग बसवा, दारं उघडी ठेवून पेटवा, अलार्म चालू ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवा. नंतर गाडी शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यावर पळवा, परत येऊन प्रत्येक स्क्रू तपासा आणि पुन्हा पेटवून जोडांजवळ अगरबत्ती धरा. तिचा धूर जोडाकडे ओढला गेला तर तिथे फट आहे, ती बंद करा. तिथून उलटा बाहेर ढकलला गेला तर त्या रात्री आत झोपू नका.