व्हेनिस, सव्वादहा ते चार पंचवीस

आज दुपारी भाच्याने एक्सेल शीट पाठवली. ‘मावशी, तू जाऊन आली आहेस, एकदा नजर टाक ना.’ इटलीची सहल, सात दिवस. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स, पॉम्पेई. प्रत्येक शहराला वेगळा रंग, प्रत्येक गाडीची वेळ मिनिटासकट, शेवटच्या रकान्यात भाडं. सोबत त्याची बायको, पाच वर्षांची लेक आणि त्याची आई, म्हणजे माझी ताई. ताईचं वय ६६, दोन्ही गुडघे दुखरे. व्हेनिसच्या निळ्या चौकटीत लिहिलंय, सव्वादहा ते चार पंचवीस.

ते वाचलं आणि डोकंच फिरलं. तेव्हापासून एक काम धड होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

चार पंचवीस. आमचीही गाडी तीच होती.

२०१८ साली मी आईला घेऊन गेले होते. मुक्काम फ्लॉरेन्सला आणि व्हेनिस एका दिवसात जाऊन-येऊन, कारण वेगवान गाडीने दोन तासांच्या थोडं वर लागतं आणि कागदावर ते अगदी सोपं दिसतं. दिवसभर सान मार्को चौक, रिआल्तो पूल असं उरकून आम्ही पावणेचारला सांता लुचिया स्टेशनसमोर परत आलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रस्ता नाही. रुंद पायऱ्या आणि त्यांच्या खाली थेट ग्रँड कॅनॉल, तिथला मुख्य कालवा. पलीकडे हिरव्या घुमटाचं चर्च. आई त्या पायऱ्यांवर टेकली आणि उठेचना.

खाली वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीचा, धक्का आहे. बोट आली की तिथला माणूस दोराचा फास खुंटाला अडकवतो, बोट करकरत धक्क्याला लागते, तो कठडा सरकवतो, माणसं उतरतात, चढतात, दोर सुटतो. आई एकामागून एक बोटी बघत होती. तिचं माहेर दाभोळचं. म्हणाली, ‘अगो, आपल्या तरीवर असाच दोर टाकायचे. अगदी असाच.’ आणि मग खाडीच्या, तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगायला लागली. मी कधीच न ऐकलेल्या.

आणि मी घड्याळ बघत होते.

मला आज राग येतो तो वेगाचा. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास. रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत. ताशी ३०० किलोमीटर. हे आकडे बघितले की आपल्या माणसांना वाटतं, अरे, मग अजून एक शहर बसतंय की! नाही बसत! दीड तास ही गाडीची वेळ आहे, माणसाची नाही. सकाळी खोली सोडायची, बॅगा दगडी गल्ल्यांतून खडखडत न्यायच्या, स्टेशनवर अर्धा तास आधी पोचायचं. तिथे फलाटाचा नंबर बोर्डावर अगदी शेवटी लागतो. तो लागला की सगळी गर्दी एकदम हलते आणि आपला डबा नेमका लांबच्या टोकाला. उतरल्यावर नवीन शहरात हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही. म्हणजे शहर बदलायचं तर अर्धा दिवस गेलाच. शीटमध्ये त्या अर्ध्या दिवसाला रंगच नाही.

आणि पॉम्पेई! नेपल्सला उतरून जमिनीखालच्या मजल्यावरच्या गारिबाल्दी स्टेशनवर जायचं, तिथून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल, साधारण चाळीस मिनिटं, बहुतेक वेळा खच्चून भरलेली. मग भर उन्हात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी रस्त्यांवरून चालायचं आणि संध्याकाळी रोमला परत. ताईला घेऊन. दोन दिवसांत अष्टविनायक करणाऱ्यांना आपण नावं ठेवतो ना? हे वेगळं काय आहे?

मान्य आहे, व्हिसाचा आणि विमानाचा खर्च करून माणूस एकदाच जातो, सगळं बघावंसं वाटतं. हेही मान्य की २०१२ पासून इटालो ही खासगी गाडीही त्याच रुळांवर धावते, सरकारी गाड्या आणि ती यांच्यात चढाओढ आहे आणि आधी काढली तर तिकिटं खरंच स्वस्त पडतात. पण ते स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली, पैसे गेले.

आई तेव्हा म्हणाली होती, ‘पुढच्या गाडीने जाऊ या ना. ही बोट जाऊ दे, अजून एक बघू.’ मी म्हटलं, आई, बदलून मिळत नाही, सगळ्यात स्वस्तातलं तिकीट आहे. साधारण चाळीस युरोंचा प्रश्न होता. मी तिचा हात धरून तिला उठवलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली बिचारी, एक शब्द बोलली नाही. गाडी पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी असतं. मेस्त्रे येईपर्यंत ती मान वळवून मागेच बघत होती.

मेस्त्रेवरून आठवलं. शीटमधलं हॉटेल ‘व्हेनिस मेस्त्रे’चं आहे. अरे बाबा, मेस्त्रे जमिनीवर आहे, तिथे व्हेनिससारखे कालवे आणि बोटी नाहीत. सांता लुचिया पुढचं, शेवटचं स्टेशन. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आत राहा. दिवसाची गर्दी संध्याकाळी परत गेली की ते गाव खरं दिसतं म्हणतात. मला ते दिसलं नाही, मी चार पंचवीसच्या गाडीत होते.

जवळच्या गावांना साधी रेजोनाले गाडी धरा. फ्लॉरेन्सहून पिसा तासाभरावर, लुक्का त्याहून थोडं जास्त. भाडं ठरलेलं, आज काढा नाहीतर महिन्याआधी, फरक नाही. जागेचं आरक्षण नाही, ही चुकली तर पुढची. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. आणि ‘शोपेरो’ हा शब्द पाठ करा. शोपेरो म्हणजे संप. तिथे तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी असेल तर सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. सात दिवसांत सात शहरं कोंबलेली असली की एका संपात पुढची सगळी बुकिंगं बोंबलतात.

भाच्यावर राग नाही माझा. चार रात्री जागून केलंय पोराने, आजीसारखंच आईलाही जग दाखवायचंय त्याला. तेच तर. मीही अशीच एक यादी केली होती, वहीत, लाल पेनाने.

आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. दाभोळच्या त्या गोष्टी अर्ध्याच राहिल्या. तिचे वडील तरीवर नक्की काय काम करायचे, हे मला आजही धड माहीत नाही. ती सांगतच होती आणि मी म्हटलं, आई, ऊठ, बाकीचं गाडीत सांग. गाडीत ती काहीच बोलली नाही.

भाच्याला अजून उत्तर दिलेलं नाही. शीट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. लेकीसाठी आइस्क्रीमची दुकानं आहेत, बायकोसाठी फ्लॉरेन्सचा चामड्याचा बाजार आहे. ताईला काय बघायचंय, हे कुठल्याच चौकटीत नाही. मीही आईला विचारलं नव्हतं. उद्या सकाळी आधी ताईला फोन करणार आहे.