ग्रुपवर राजकारण नको म्हणे!

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. त्यानंतरचं ठाणं ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना दुभंगलेला समाज कसा असतो ते वेगळं सांगायला नको. आमच्या ओळखीतले दोन सख्खे भाऊ. ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघेसाहेब, त्यांचा फोटो दोघांच्याही देव्हाऱ्याशेजारी. एक शिंदेंच्या धनुष्यबाणाकडे राहिला, दुसरा उद्धव ठाकरेंच्या मशालीकडे. घरचा गणपती एकच, आरत्या मात्र दोन वेगळ्या वेळांना.

यावर सोसायट्यांनी तोडगा काढला : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारण नको. पाणी, पार्किंग आणि वाढदिवस, बास. मला हे अजिबात पटत नाही. भांडण मिटत नाही यानं, फक्त दुसरीकडे राहायला जातं. ज्याने त्याने आपल्या मताच्या लोकांचा वेगळा ग्रुप काढलाय. तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे त्याला देशद्रोही किंवा अंधभक्त म्हणताना जीभ अडखळत नाही. लिफ्टमध्ये भेटल्यावर 'काय काका, बरंय ना?' आहेच. याला आदर म्हणायचं? ही चक्क टाळाटाळ झाली.

आदर मी वेगळ्याच ठिकाणी पाहिला. २० मे २०२४, लोकसभेचं मतदान, मला इलेक्शन ड्युटी. सातला मतदान सुरू, त्याच्या दीड तास आधी मॉक पोल. म्हणजे पक्षांच्या एजंटांसमोर मशीनची चाचणी : किमान ५० मतं टाकायची, मोजायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताळा करायचा, मशीन क्लिअर करून शून्य दाखवायचं, मग सील आणि सह्या. दोन्ही सेनांचे एजंट एकाच बाकावर. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. एकाने सीलचा नंबर लिहून घेतला, तर दुसऱ्याने त्याच्या वहीत डोकावून तो पुन्हा तपासला. दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला तेव्हा हेच दोघे एका बाटलीतून पाणी पीत होते. एक जेवायला उठला आणि जाताना दुसऱ्याला म्हणाला, "लक्ष ठेव रे जरा." कोणाला सांगतोय, तर ज्याच्यावर लक्ष ठेवायला पक्षाने त्याला बसवलंय त्याला! संध्याकाळी १७-सी ची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत हातात पडल्यावर दोघांनी आकडे जुळवले आणि आपापल्या स्कूटरवरून निघून गेले.

लोकशाहीला प्रेमाबिमाची गरज नाही. संशय असू दे की. तो समोर बसून, कागदावर, सहीनिशी घ्या म्हणजे झालं.

आणि आदर ठेवायचा म्हणजे मिळमिळीत बोलायचं, असंही नाही. १९७५ चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवा. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. बाईंनी त्याच मांडवात आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. पाहुण्यांची अडचण नको म्हणून शब्द गिळले नाहीत. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं, हेही लक्षात ठेवायला हवं. मांडवातल्या सौजन्याने काही त्यांना वाचवलं नाही. त्यासाठी कायदा आणि कोर्ट शाबूत असावं लागतं.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलले होते की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या पुटाइतकीही खोल जाणार नाहीत. घोडबंदर रोडला घर शोधायला निघा, हे पूट कुठे खरवडलं जातं ते कळेल. फोनवर ब्रोकरचा पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा नॉनव्हेजचा. ह्याला कुणी मतभेद म्हणू नका. मतभेद व्हायला आधी दारातून आत तर घेतलं पाहिजे.

आमच्याच बिल्डिंगमध्ये सध्या एक फ्लॅट रिकामा आहे. एका मुस्लिम कुटुंबाला तो भाड्याने हवाय, घरमालकाची काही हरकत नाही. उपविधींप्रमाणे त्याने सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. तरी कमिटीने 'बघू' म्हणून ठेवलंय. कमिटीत दोन्ही सेना आहेत, कमळवाले आहेत, एक जुने काँग्रेसवालेही आहेत, आणि एवढ्या एका विषयावर सगळ्यांचं एकमत आहे. रविवारच्या मीटिंगला मी हा विषय लेखी देतोय. कोण कोण येताय?